घरकामगारांची संघटना गल्लीत कशी बांधायची

कारखान्याला गेट असतं. शिफ्ट सुटली की शेदोनशे माणसं एकाच दारातून बाहेर पडतात, तिथं पत्रकं वाटता येतात, गेटसभा घेता येते. धुणंभांडी करणाऱ्या बाईला असं गेट नाही. सोसायटीचं गेट आहे, पण तिथं वॉचमन उभा. ती चार घरं करते म्हणजे तिचे मालक चार, पगाराच्या तारखा चार, आणि चारही स्वयंपाकघरांत ती एकटी. बायका एकत्र सापडतात त्या फक्त राहत्या वस्तीत, म्हणजे नळावर, रेशनच्या रांगेत, पहाटेच्या बसथांब्यावर. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला तेव्हाही बातमी पसरली ती घराघरांतून आणि गल्लीबोळांतून. म्हणून घरकामगारांची शाखा वस्तीतच उभी राहते. पुढचं सगळं अशा बाईसाठी आहे जी आधीपासून संघटनेची सभासद आहे आणि आता स्वतःच्या वस्तीत काम सुरू करायचं म्हणते.

नवी संघटना काढायच्या फंदात पडू नका. कायद्यानं सात जणींना नोंदणीचा अर्ज करता येतो हे खरं, पण मागोमाग घटना, पदाधिकारी, हिशेबतपासणी, दरवर्षीचं विवरणपत्र हा सगळा लबेदा येतो आणि दुसऱ्या वर्षीच कागद थकतात. शहरात नोंदलेली संघटना असेल तर तिची शाखा घ्या. घेताना एवढं मात्र विचारून घ्या की कार्यकारिणीत स्वतः घरकाम करणाऱ्या किती आहेत. असंघटित क्षेत्रातल्या संघटनेत निम्म्या तरी पदाधिकारी प्रत्यक्ष काम करणाऱ्या असायला हव्यात, असा कायदाच आहे.

वही

पहिले पंधरा दिवस सभा नको, बॅनर नको. दोनशे पानी आडवी वही घ्या आणि दोघीदोघींनी फिरा. जोडीतली एक त्याच गल्लीतली हवी, नाहीतर दार अर्धंच उघडतं. वेळ दुपारी अडीच ते साडेचार. सकाळची घरं आटोपून बाई जेवलेली असते आणि संध्याकाळच्या पोळ्यांना निघायची असते. पाणी यायच्या वेळेला कुणाच्या दारात जाऊ नका. एका दुपारी दहा-बारा घरं झाली तरी पुष्कळ.

बोलणं असं सुरू होतं:

“ताई, किती घरं करता?”
“चार. एक सुटलं मागच्या महिन्यात.”
“का हो?”
“गावाला गेले होते सासऱ्याच्या दहाव्याला. आठ दिवसांनी आले तर दुसरी ठेवलेली.”
“त्या आठ दिवसांचा खाडा कापला?”
“कापला की. वर दिवाळीही गेली.”

तीन मिनिटांत सुट्टी, बदली आणि बोनस असे तीन प्रश्न तिनंच सांगितले. तुम्ही ते वहीत उतरवायचे, भाषण करायचं नाही.

वहीत रकाने आठ पुरतात. नाव, गल्ली आणि खूण, फोन, कुठल्या सोसायटीत किती घरं, कोणकोणतं काम (भांडी, धुणं, केर-फरशी, पोळ्या किंवा पूर्ण स्वयंपाक, मूल किंवा आजारी माणूस सांभाळणं), प्रत्येक घराचा पगार, महिन्याची सुट्टी, दिवाळीला काय मिळतं. फोनच्या रकान्यात तो कुणाचा आहे हेही लिहा. बऱ्याचदा नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि मग निरोप पोचलाच नाही म्हणून तुम्ही बाईला नावं ठेवता. मालकाचं नाव आणि फ्लॅट नंबर पहिल्या भेटीत विचारू नका. घर जाईल या भीतीनं ती बाकीचंही खोटं सांगेल. आधार कार्डाची झेरॉक्स तर मागूच नका. वस्तीत झेरॉक्स मागणारे लोक बायकांनी पुष्कळ पाहिलेत, त्यांत कर्ज काढून देणारे आले आणि मतं गोळा करणारेही आले.

वही उलटी करायची

बहुतेक शाखा इथंच चुकतात. यादी गल्लीवार होते, गल्लीवार गटप्रमुख नेमल्या जातात, मोर्चाला माणसं येतात, पण पगार एक रुपयानं वाढत नाही. कारण बाई राहते गल्लीत, तिचा पगार मात्र सोसायटीत ठरतो. म्हणून वही भरली की मोठा पांढरा कार्डशीट घ्या आणि तीच माहिती सोसायटीवार पुन्हा मांडा. वर सोसायटीचं नाव, खाली विंग, आणि विंगेसमोर तिथं जाणाऱ्या बायकांची नावं.

समजा वस्तीत १४० बायका निघाल्या आणि त्या २३ सोसायट्यांत जातात. मांडल्यावर दिसतं की त्यातल्या साठेक जणी तीनच सोसायट्यांत आहेत, आणि बाकीच्या वीस ठिकाणी सरासरी चार-चार. काम त्या तीन सोसायट्यांपासून सुरू करायचं. एका सोसायटीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं काम आपल्या सभासदांच्या हातात आलं की मग बोलण्यात वजन येतं. चार जणींच्या जोरावर कुणाच्या दारात पत्र घेऊन जाल, तर त्या चौघींची घरं जातील आणि पुढची दोन वर्षं त्या सोसायटीत कुणी संघटनेचं नाव घेणार नाही.

शीटवर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे एकाच सोसायटीत जाणाऱ्या बायका वस्तीत एकमेकींशी बोलत नाहीत. एक आळी मराठवाड्यातून आलेल्यांची असते, दुसरी कलबुर्गी-यादगीरकडच्यांची. पोळ्या करणारी स्वतःला ‘स्वयंपाकाच्या बाई’ म्हणवते, संडास-बाथरूम धुणारीला त्याच घरात वेगळा कप असतो. जात कामाच्या वाटणीत मुरलेली आहे, नाही म्हणून उपयोग नाही. यावर व्याख्यान देऊ नका. सोसायटीची समिती करताना तीत पोळ्यांची एक, भांड्यांची एक, बाथरूमची एक आणि कानडी बोलणारी एक हवीच, असा नियम ठेवा. गटप्रमुख दहा-बारा जणींमागे एक.

पहिली बैठक

जागा निवडताना जपा. पक्षाचं संपर्क कार्यालय नको, मंडळाची खोलीही नको, कारण अर्ध्या बायका तेवढ्यानंच यायच्या नाहीत. समाजमंदिर सगळ्यांचं मानलं जात असेल तर तिथं, नाहीतर सरळ गल्लीतल्या ओट्यावर सतरंजी टाका. वेळ चाळीस मिनिटं. साडेचारला उठायचं म्हणजे उठायचं, कुणाचं तरी पाचचं घर असतं आणि उशीर झाला की बोलणी तिला खावी लागतात.

विषय एकच ठेवा, “गेल्या महिन्यात किती खाडे कापले?” प्रत्येकीनं फक्त आकडा सांगायचा. ओळीनं आकडे आले की बैठक आपोआप तापते. एकीला बोलायची फार हौस असते, ती दर बैठकीत असतेच. तिला हजेरी लिहायला बसवा, म्हणजे राग येत नाही आणि इतरांना तोंड उघडायला जागा होते. बैठक संपायच्या आत पुढची तारीख ठरली पाहिजे आणि तीन कामं तीन नावांवर टाकलेली पाहिजेत. “बघू या सगळ्या मिळून” असं ठरलं की कुणीच बघत नाही.

रेट कार्ड

संघटनेचं छापील रेट कार्ड, म्हणजे कामवार दरांचा तक्ता, असलं तरी ते तसंच्या तसं वाटू नका. आधी वहीतून तुमच्या वस्तीचा दर काढा. भांड्यांचा दर घरातल्या माणसांवर, केर-फरशीचा खोल्यांवर, धुण्याचा हातानं की मशीनचे वाळत घालायचे यावर, पोळ्यांचा माणसांवर आणि एकवेळ की दोनवेळ यावर बदलतो. ‘वरकाम’ नावाचा रकाना करूच नका. भाजी निवडणं, पंखे पुसणं, गॅलरी धुणं हे सगळं त्यात फुकट जातं. प्रत्येक काम वेगळं लिहा आणि समोर मिनिटं लिहा.

मिनिटं कशासाठी, ते एका घराच्या हिशेबात कळतं. चार माणसांची भांडी, रोज ४० मिनिटं, पगार १,२०० रुपये. महिन्याचे तीसही दिवस गेलं तर १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास, म्हणजे तासाला ६० रुपये. तेच चार भरपगारी सुट्ट्या मिळाल्या तर २६ दिवसांची १,०४० मिनिटं, १७ तास २० मिनिटं, तासाला सुमारे ६९ रुपये. मालकाच्या खिशातून एक रुपया जास्त गेला नाही, तरी बाईचा तासाचा दर नऊ रुपयांनी वाढला. हा हिशेब बैठकीत खडूनं फरशीवर करून दाखवा. यानंतर “सुट्टी काय मागायची, पगार वाढवून मागू” असं म्हणणाऱ्या बायका स्वतःच सुट्टी आधी मागतात. घरातल्यांनाही ती मागणी नाकारणं जड जातं, कारण ते स्वतः शनिवार-रविवार घरी असतात.

मागण्या चारच्या वर नेऊ नका. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ, आणि मालक गावाला गेले तर त्या दिवसांचा पगार. शेवटची मागणी मे महिन्यासाठी महत्त्वाची. घरं बंद होतात, पगार कापला जातो, आणि नेमकी जूनमध्ये पोरांची वह्या-पुस्तकं येतात. निदान अर्धा पगार तरी मिळालाच पाहिजे यावर अडून राहा.

रेट कार्ड कायद्यानं कुणावर बंधनकारक नाही. घरमालक हे तुम्हाला ऐकवतीलच. त्याचा जोर एवढाच की त्याखाली दुसरी बाई मिळत नाही. म्हणून पुढचा नियम रेट कार्डापेक्षाही आधी पक्का करा.

सुटलेलं घर

कुणाचं घर भांडून सुटलं तर तिथं आपल्यातली कुणीही आठ दिवस काम धरायचं नाही, आणि धरलं तर जुन्या पगारात नाही. नवं घर घेताना वॉचमनला किंवा शेजारच्या बाईला एकच प्रश्न विचारायचा, “आधी कोण करत होतं, आणि का सोडलं?” वस्तीतली संघटना मोडते ती बहुतेक वेळा इथंच. एकीला काढलं की दुपारपर्यंत त्याच गल्लीतली दुसरी कमी पैशात जाऊन उभी राहते, कारण तिच्या घरी चूल पेटायची असते. तिला ‘गद्दार’ म्हणून काही साधत नाही. ती बहुतेक नुकतीच गावाहून आलेली असते आणि तुमच्या वहीत नसतेच. भाड्यानं नवं कुटुंब आलं की आठवड्याच्या आत त्यांच्याकडे वही घेऊन जायचं काम गटप्रमुखाचं, आणि तिला शंभर रुपये कमी न करता पहिलं घर मिळवून द्यायचं कामही तिचंच.

याच्याच जोडीला आजारपणातली बदली. दोघीदोघींच्या जोड्या लावा, शक्यतो एकाच विंगेतल्या. एक आजारी पडली की दुसरी तिची घरं सांभाळते आणि रोजाचे पैसे घेते. १,५०० च्या घराचे दिवसाला ५० रुपये. हे मालकिणीला आधी सांगून ठेवायचं. पाळी, बाळंतपण, गावची जत्रा यांत घर सुटायचं प्रमाण कमी होतं, आणि मालकिणींनाही हे पटतं. संघटनेचं नाव ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या घरात बदलीची सोय हाच सगळ्यात सोपा प्रवेश आहे.

सोसायटीत जाणं

पत्र द्यायचा महिना जुलै-ऑगस्ट. तोवर मेच्या सुट्टीला गेलेली घरं परत येऊन शाळा सुरू झालेली असते, आणि दिवाळीच्या आत बोलणं पुरं करायला वेळ मिळतो. ऐन दिवाळीत बोनस मागितला तर एका हातात मिठाईचा पुडा ठेवून विषय संपवतात. पत्र संघटनेच्या लेटरहेडवर, एका पानाचं, सेक्रेटरीच्या नावे. दुसऱ्या प्रतीवर पोचेची सही घ्या, न दिली तर स्पीड पोस्टानं पाठवा.

पगार हा प्रत्येक घराशी बोलायचा विषय आहे, सेक्रेटरी म्हणेल “तो आमच्या हातात नाही” आणि ते बरोबरच आहे. सोसायटीशी बोलायचं ते गेटवर अडवण्याबद्दल, लिफ्टबंदीबद्दल, पिण्याचं पाणी, संडास, पावसाळ्यात डबा खायला कोपरा, आणि गेटवर येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर बायकांना दिल्या जाणाऱ्या शेऱ्यांबद्दल. एका घराशी वाजलं म्हणून ॲपवर नोंद बंद केली तर इतर तीन घरंही तिला बंद होतात. हे लेखी आल्याशिवाय करता कामा नये, ही मागणी आधी घाला. पाच जणींनी जावं, वेगवेगळ्या विंगेतल्या. प्रत्येकीनं एकच मुद्दा बोलावा आणि गप्प बसावं. जे ठरेल ते नोटीस बोर्डावर लागल्याशिवाय ठरलं असं धरू नका.

चोरीचा आळ

हा फोन कधीतरी येणारच. बाई घाबरून पळून गावाला जाते आणि तिथंच तिचा गुन्हा ‘सिद्ध’ होतो. म्हणून शाखेत आधीच दोन जणी नेमून ठेवा, ज्यांचा फोन रात्री चालू असेल. बाईची चौकशी चालली असेल तिथं दोघींनी लगेच जायचं, ओळखपत्र आणि वही-पेन घेऊन. कुठल्या अधिकाऱ्यानं, किती वाजता, काय विचारलं ते लिहायचं. आवाज चढवायचा नाही, पण हलायचंही नाही.

कायद्यातल्या तीन गोष्टी पाठ ठेवा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आत बाईला अटक करता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीत करायची तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल आणि बाई स्वतःहून यायला तयार नसेल, तर तो तिच्या राहत्या घरीच घ्यावा लागतो. अंगझडती बाईनंच घ्यायची. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही, आणि वाचून दाखवल्याशिवाय तर कशावरच नाही. दागिना बहुतेकदा दोन दिवसांनी कपाटातच सापडतो. तेव्हा माफीचं पत्र मागा. मिळो न मिळो, मागितलं ही बातमी विंगेत पसरते.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर अशा तक्रारींसाठी जिल्ह्यात नेमलेल्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. अशा वेळी वस्तीतल्या बैठकीत नाव घेऊ नका. ती बाई, एक गटप्रमुख आणि संघटनेची वकील, एवढ्यातच ठेवा.

फॉर्म

२००८ च्या कायद्यानं झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात १८ ते ६० वयाच्या बायकांची नोंदणी होते. असंघटित कामगारांसाठीचं केंद्र सरकारचं ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाला, फुकट, ऑगस्ट २०२१ पासून. दोन्ही करून द्या, पण दुसऱ्या बैठकीनंतरच. आधी केलं तर शाखेचं दुकान होतं. बायका फॉर्मपुरत्या येतात आणि पैसे कधी जमा होणार एवढंच विचारत राहतात.

अडतं कुठं ते आधी कळलं तर दिवस वाया जात नाही. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, म्हणून ओटीपी येत नाही. भांड्यांच्या पावडरीनं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून मशीन ठसा घेत नाही. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावायला सांगा, सकाळी हात पुसून आधी अंगठा आणि मग मधलं बोट ठेवून बघा, नाहीतर डोळ्यांची बुबुळं घेणारं केंद्र शोधा. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, ही तिसरी अडचण. मंडळाच्या अर्जाला काम करत असल्याचा घरमालकाचा दाखला लागतो आणि सही द्यायला मालक कचरतात. चार घरांतल्या सगळ्यात जुन्या घराकडून आधी मागा, आणि या सहीनं त्यांच्यावर पैशाची कुठलीच जबाबदारी येत नाही हे समजावून सांगा. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्या तारखा वहीत वेगळ्या पानावर ठेवा, कारण ५५ वर्षं पूर्ण झालेल्यांना दिलं जाणारं १०,००० रुपयांचं सन्मानधन नोंदणी चालू नसल्यानं हुकलेल्या बायका प्रत्येक वस्तीत सापडतात.

पैसे, फोन, यादी

वर्गणी किती का असेना, पावतीशिवाय घ्यायची नाही. कार्बनचं पावतीपुस्तक, क्रमांक छापलेलं, कुणाकडे कुठलं पुस्तक आहे याची नोंद मुख्य वहीत. भिशीचे पैसे आणि वर्गणी एका डब्यात ठेवू नका. भिशी अडकली की संघटनेनं पैसे खाल्ले अशी बोंब होते. जमाखर्च दर महिन्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, चहाच्या पैशांसकट.

व्हॉट्सॲप गटावर फक्त बैठकीची वेळ आणि जागा, तीही बोलून पाठवलेली, कारण वाचता न येणाऱ्या बऱ्याच असतात. कुठल्या घराबद्दल तिथं एक अक्षर नको, स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत मालकिणीच्या फोनवर असतो.

आणि वही. १४० बायकांची नावं, गल्ल्या, नंबर, इतकी नेटकी यादी वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नसते. निवडणूक आली की ती मागायला माणसं येतात, कधी नळाचं आश्वासन घेऊन, कधी साड्या घेऊन. फोटो काढू देऊ नका, झेरॉक्स देऊ नका. मूळ वही एकीकडे आणि सोसायटीचा कार्डशीट दुसरीकडे ठेवा, दोन वेगळ्या गल्ल्यांत. दर सहा महिन्यांनी, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात घरं बंद असताना, सगळ्या दारांवर पुन्हा जाऊन ती दुरुस्त करा. तोवर पाचातली एक तरी बाई घर बदलून गेलेली असते.